घरी बांधायचे विमान : किंमत कशाला म्हणावी?

(बी. कॉम., तृतीय वर्ष)

विमान ही विकत घेण्याची वस्तू आहे, हे आपल्या भागातील माणसाच्या सहसा मनात येत नाही. बिदरला वायुदलाचे शिक्षण केंद्र आहे. 'सूर्यकिरण' हे कसरती करणाऱ्या विमानांचे पथक १९९६ साली तेथेच उभे राहिले. त्यामुळे आकाशातील घरघर आपल्याला नवी नाही. २०१९ साली कलबुर्गीला आणि २०२० साली बिदरला प्रवासी विमाने येऊ लागली. तरी विमान म्हणजे सरकारचे किंवा कंपनीचे, आपण फक्त खालून पाहायचे, अशीच आपली समजूत आहे.

परंतु जगात हजारो माणसांनी विमाने घरी बांधली आहेत. कोणी मोटारीच्या गॅरेजात, कोणी धान्याच्या कोठारात, कोणी अंगणातील पत्र्याच्या शेडमध्ये. कारखान्यातून सुट्या भागांची पेटी येते, सोबत नकाशे व सूचनांचे पुस्तक येते, आणि बांधणारा फावल्या वेळात ते भाग जुळवितो. अशा पेटीला 'किट' म्हणतात. सामान्य माणसाला परवडेल असे किट कसे निवडावे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

हा विषय वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने का घ्यावा, असे कोणी विचारील. त्याचे कारण घरातलेच आहे. माझे थोरले चुलतबंधू, ज्यांना आम्ही सारे अण्णा म्हणतो, वेल्डिंगचे काम करतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, लोखंडी दारे, खिडक्यांचे गज असे त्यांचे काम. हात चांगला आहे. आमच्या शेताचा एक तुकडा रस्त्यात गेला. त्याची भरपाई बँकेत मुदत ठेवीत आहे. तिच्यातील आपला वाटा काढून परदेशी किटसाठी आगाऊ रक्कम भरावी, असे त्यांच्या मनाने घेतले आहे. ते मला म्हणाले, "तू कॉमर्सचा. मला याचा लेक्क काढून दे." कन्नडमध्ये हिशेबाला लेक्क म्हणतात, आणि आमच्या घरात हिशेब व लेक्क हे दोन्ही शब्द चालतात. मी काढलेला तो लेक्क येथे मांडीत आहे. एखाद्या वस्तूची किंमत आणि तिचा परिव्यय यांत किती अंतर असते, हे शिकण्यास विमानासारखे दुसरे उदाहरण मला सापडले नाही.

घरी विमान बांधण्याचे तीन मार्ग

पहिला मार्ग म्हणजे आराखडाही स्वतःचा आणि बांधणीही स्वतःची. याचे आपल्या महाराष्ट्रातील ठळक उदाहरण कॅप्टन अमोल यादव यांचे. ते व्यवसायाने वैमानिक. मुंबईत कांदिवलीच्या चारकोप भागात आपल्या इमारतीच्या गच्चीवर त्यांनी सहा आसनांचे विमान बांधले. केरळातील साजी थॉमस यांना ऐकू येत नाही व बोलता येत नाही. त्यांनीही आपल्या हाताने हलके विमान बांधून उडविले. २०१७ साली आलेला 'विमानम्' हा मल्याळम चित्रपट त्यांच्याच जीवनावरून सुचलेला आहे. ही माणसे वंदनीय खरी. पण हा मार्ग सर्वांत कठीण. येथे चुकीचा शोध लागतो तो बहुधा हवेत.

दुसरा मार्ग म्हणजे नकाशे विकत घेऊन साहित्य आपण जमविणे. अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात बर्नार्ड पिटेनपोल याने १९२९ साली लाकडाचे 'एअर कँपर' विमान केले आणि त्याला फोर्ड मोटारीचे इंजिन बसविले. त्याच्या नकाशांवरून लोक आजही विमाने बांधतात. या मार्गात पैसा कमी लागतो, वेळ मात्र सर्वाधिक. शिवाय येथे एक धोका असतो. फ्रान्सच्या आंरी मिन्ये याने १९३४ साली स्वस्त व सोप्या अशा छोट्या विमानाचे पुस्तक काढले. युरोपभर लोक ते बांधू लागले. पुढे एकामागून एक अपघात होऊन माणसे मेली. मोठ्या वातबोगद्यांत चाचण्या घेतल्या तेव्हा आढळले की, विमानाचे नाक एका मर्यादेपलीकडे खाली गेले तर ते पुन्हा वर येत नाही. बांधणाऱ्यांचे हात चांगले होते. दोष मुळात आराखड्यातच होता. यास्तव निवडीचा पहिला नियम असा की, ज्या नमुन्याची पुष्कळ विमाने पुष्कळ वर्षे उडत आहेत, त्याचाच विचार करावा.

तिसरा मार्ग किटचा. यात आराखडा अनुभवी अभियंत्याचा असतो. अवघड भाग कारखान्यात वाकवून व भोके पाडून मिळतात. अमेरिकेत नियम असा की, निम्म्याहून अधिक काम हौशी माणसाने शिकण्यासाठी किंवा आनंदासाठी स्वतः केलेले असले, तरच ते विमान 'घरी बांधलेले' या वर्गात बसते. म्हणून किटवाला सारेच काम करून देत नाही. अण्णांसारख्या हात चालणाऱ्या माणसाला हाच मार्ग योग्य, याबद्दल आमच्यात मतभेद नव्हता. प्रश्न होता तो कोणते किट, आणि कोणत्या पैशाने.

साहित्य आणि आपला हात

किट निवडताना लोक वेग पाहतात, चित्र पाहतात. माझ्या मते आधी साहित्य पाहावे. कारण त्यावर आपले पुढचे चार-पाच वर्षांचे रविवार ठरतात.

लाकडाचे विमान सुबक असते, पण योग्य प्रतीचे लाकूड व गोंद मिळणे आपल्याकडे कठीण. काचतंतू व रेझिनचे विमान गुळगुळीत व वेगवान होते. मात्र रेझिन कालवताना उष्णता व दमटपणा ताब्यात ठेवावा लागतो. आपल्याकडे मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये काय स्थिती असते, ते सांगायला नको.

पोलादी नळ्यांचा सांगाडा आणि त्यावर कापड, हा जुना व विश्वासाचा प्रकार. अण्णांना साहजिकच हाच आवडला. परंतु ट्रॉलीचा अँगल आणि विमानाची नळी यांत फरक आहे. ही नळी मिश्र पोलादाची असते आणि तिची जाडी पुष्कळदा एक मिलिमीटरच्या आसपास. ट्रॉलीचा जोड जाड झाला तर बिघडत नाही. येथे अधिक ताप लागला तर नळी जोडाजवळ ठिसूळ होते, आणि वरून रंग दिल्यावर ते दिसत नाही.

याच कुळातील हलका भाऊ म्हणजे ॲल्युमिनियमच्या नळ्या बोल्टांनी जोडून त्यांवर शिवलेले कापड चढविण्याचा प्रकार. आपल्या कर्नाटकाला अभिमान वाटावा अशी गोष्ट म्हणजे या प्रकारातील 'एक्स-एअर' हे विमान बंगळुरूच्या राजहंस अल्ट्रालाइट्स या कंपनीने बनविले आणि त्याची किटे फ्रान्स, ब्रिटन आदी देशांत गेली. तेथील हौशी लोकांनी ती मोठ्या संख्येने बांधून उडविली. म्हणजे किटचे विमान ही केवळ गोऱ्या लोकांची चैन आहे, असे म्हणता येत नाही. या प्रकाराची बांधणी लवकर होते. मात्र कापड उन्हाने कुजते. आपल्या उन्हात अशा विमानाला बंद शेड नसेल, तर काही वर्षांत नवे कापड घ्यावे लागेल, हा खर्च आधीच मांडून ठेवावा.

शेवटचा प्रकार ॲल्युमिनियमच्या पत्र्याचा. पत्रा जुळवायचा, भोकांच्या कडा साफ करायच्या आणि रिव्हेट मारायचे. ख्रिस हाइन्ट्झ या अभियंत्याने आखलेली सी.एच. ७०१ व ७५० ही झेनिथ कंपनीची विमाने अशीच असून ती एका बाजूने मारता येणाऱ्या सोप्या रिव्हेटांनी जुळतात. त्यांना वेग कमी, पण ती थोड्या जागेत उडतात व उतरतात. ज्याने पत्र्याचे काम केले आहे, त्याचा हात यावर लवकर बसतो. चूक झाली तर रिव्हेट पुन्हा काढता येतो, हाही मोठा गुण. रेझिन एकदा घट्ट झाले की ऐकत नाही.

परिव्यय पत्रक

आता आमच्या शाखेचे काम. किटच्या जाहिरातीत जी किंमत असते, ती बहुधा केवळ सांगाड्याची असते. बांधणारे लोक ढोबळ मानाने असे धरतात की, सांगाड्याचे किट हा एकूण खर्चाचा तिसरा हिस्सा ते निम्मा भाग असतो. उरलेला खर्च पुढीलप्रमाणे मांडावा :

१) इंजिन. लहान विमानांत ऑस्ट्रियाच्या रोटॅक्स कंपनीची ८० किंवा १०० अश्वशक्तीची इंजिने फार चालतात. पुष्कळ वेळा सर्वांत मोठी एकच रक्कम येथे जाते.
२) प्रोपेलर, उपकरणे, रेडिओ, बॅटरी व तारा.
३) रंग, आसने, काच, चाके व ब्रेक यांपैकी जे किटमध्ये नसेल ते.
४) हत्यारे व शेड.
५) जहाजाचे भाडे, वाटेतला विमा, सीमाशुल्क, बंदरापासून गावापर्यंत ट्रक.
६) नोंदणी, तपासणी व चाचणी-उड्डाण.
७) वैमानिकाचा परवाना. खाजगी वैमानिक होण्यास आपल्या देशात किमान ४० तासांचे उड्डाण लागते, आणि ते शिकविणाऱ्या संस्थेच्या दराने विकत घ्यावे लागते.

अण्णांच्या वहीत फक्त सांगाड्याची किंमत व डॉलरचा भाव एवढेच होते. सात बाबींपैकी एकही नव्हती. जवळची रक्कम किटला पुरते, म्हणजे विमानाला पुरते, असे त्यांना वाटले होते. बहुतेक माणसांना तसेच वाटेल.

एक पूर्ण झालेले उदाहरण घेऊ. मूळचे केरळचे व इंग्लंडमध्ये राहणारे अभियंते अशोक अलिसेरिल तामरक्षन यांनी साथीच्या काळात दक्षिण आफ्रिकेच्या स्लिंग कंपनीचे चार आसनी किट बांधले व २०२२ साली ते कुटुंबासह त्यातून हिंडले. त्यांना सुमारे १८ महिने, १,५०० तास व १ लाख ४० हजार पाउंड लागले. पाउंडाला १०० रुपये धरले, तर ही रक्कम १ कोटी ४० लाख होते. हे मोठे व आधुनिक विमान आहे. दोन आसनी साधे विमान याच्या काही अंशात होईल. पण प्रमाण ध्यानात यावे म्हणून हा आकडा दिला.

तासांचा हिशेब

वरील १,५०० तास १८ महिन्यांत, म्हणजे आठवड्याला सुमारे १९ तास झाले. ज्याला पोटासाठी दुकान चालवायचे आहे, त्याला हे साधणार नाही. रविवारचे ६ तास आणि वर्षाचे ५० रविवार धरले तर वर्षाला ३०० तास होतात. सोपे दोन आसनी किट ९०० तासांचे धरले तरी तीन वर्षे. १,५०० तासांचे असले तर पाच वर्षे.

या तासांना किंमत आहे. अर्थशास्त्रात आपण तिला संधी-खर्च म्हणतो. समजा, अण्णांचा एक तास २०० रुपयांचा आहे. तर १,५०० तासांचे ३ लाख रुपये झाले. कोणी म्हणेल, रविवारी दुकान बंदच असते, मग तोटा कसला? हे काही अंशी खरे आहे. हौशीच्या तासाला आनंद हीच मजुरी मिळते. परंतु घरच्या लोकांना त्या तासांची मजुरी मिळत नाही. लग्नकार्य, पेरणी, मुलांचा अभ्यास यांतून ते तास कापले जातात. वहिनींना या पत्रकात मत असावे, असे मी सुचविले. अण्णांना ते फारसे रुचले नाही; पण वहिनींनी ते पत्रक दोनदा वाचले.

आगाऊ रक्कम : धनको कोण?

या लेखातील सर्वांत महत्त्वाचा भाग हा आहे.

किटसाठी आगाऊ रक्कम भरणारा माणूस स्वतःला ग्राहक समजतो. हिशेबाच्या दृष्टीने माल हाती येईपर्यंत तो कंपनीचा धनको असतो, आणि तोही बिनतारणी. कंपनी बुडाली तर बँक तारण घेऊन पुढे उभी राहते आणि हा मागे.

अमेरिकेतील जिम बीड याच्या बी.डी.-५ या विमानाची गोष्ट येथे उपयोगी पडते. एकट्या माणसाचे, दिसायला सुरेख, वेगवान आणि स्वस्त. १९७१ साली २०० डॉलर घेऊन रांगेत नंबर लावण्यास सुरुवात झाली. त्या वेळी नमुना विमानाच्या चाचण्याही पुऱ्या झाल्या नव्हत्या. हजारो लोकांनी पैसे भरले. पाच हजारांहून अधिक किटे गेलीसुद्धा. पण इंजिन पुरविणारी जर्मन कंपनीच दिवाळखोरीत गेली. लोकांच्या गॅरेजात इंजिनाविना सांगाडे पडून राहिले. १९७९ साली बीडची कंपनीही दिवाळखोर झाली. पूर्ण होऊन उडालेली विमाने काही शेच.

कोणी म्हणेल, ती कंपनी कच्ची होती. तर आता सर्वांत पक्की मानलेली कंपनी पाहू. रिचर्ड व्हॅनग्रन्सव्हन यांनी १९७३ साली काढलेल्या व्हॅन्स एअरक्राफ्टची दहा हजारांहून अधिक विमाने जगात उडाली आहेत. साथीच्या काळात तिच्याकडे मागणी फार वाढली. भाग लवकर कापता यावेत म्हणून लेझरने भोके पाडण्याचे काम बाहेर दिले गेले. त्या भोकांपाशी तडे दिसू लागले. भाग बदलून देण्याचा खर्च आला, मालाचे भाडेही चढले, आणि जुन्या भावाने घेतलेल्या ऑर्डरी तोट्यात गेल्या. डिसेंबर २०२३ मध्ये कंपनीने दिवाळखोरीच्या कायद्याखाली न्यायालयाचे संरक्षण मागितले. ज्यांनी आगाऊ पैसे भरले होते, त्यांना किट हवे असेल तर वाढीव किमतीने नवा करार करा, असे सांगण्यात आले. २०२४ साली कंपनी या प्रकरणातून बाहेर आली व काम चालू राहिले, ही समाधानाची गोष्ट.

विद्यार्थी मित्रांनी यातील धडा नीट पाहावा. कंपनीकडे मागणी कमी होती म्हणून ती अडचणीत आली नाही. मागणी भरपूर होती. उत्पादन-खर्च विक्रीच्या भावावर गेला आणि ग्राहकांची आगाऊ रक्कम खेळते भांडवल म्हणून वापरात आली. आगाऊ रक्कम हे उत्पन्न नसून देणे आहे, हे आपण पहिल्या वर्षी शिकतो. ताळेबंदात ती उजवीकडे की डावीकडे, एवढ्यापुरते ते पाठ करतो. ज्याचे पैसे अडकतात, त्याला त्याचा अर्थ कळतो.

यावर उपाय आहे. पुष्कळ कंपन्या किट टप्प्याटप्प्याने विकतात : आधी शेपटी, मग पंख, मग धड, शेवटी इंजिनाकडील भाग. प्रत्येक वेळी थोडीच रक्कम अडकते. पुढच्या टप्प्याला भाव वाढू शकतो, हा यातला तोटा. पण भाववाढीचा तोटा सोसता येतो; सारी ठेव बुडाल्याचा सोसता येत नाही. दुसरे असे की, बी.डी.-५ ची आठवण ठेवून जे इंजिन आज बाजारात मिळते व ज्याचे सुटे भाग मिळतात, त्यावरच चालणारा नमुना निवडावा.

आपली हवा

जाहिरातीतील आकडे समुद्रसपाटीचे व १५ अंश तापमानाचे असतात. बिदरचे विमानतळ सुमारे ६६० मीटर उंचीवर आहे आणि हळ्ळीखेडचा परिसरही त्याच पठारावर. उन्हाळ्यात पारा ४० वर जातो. गरम हवा विरळ असते. हिशेब केला तर मे महिन्यातील दुपारी आपली हवा सुमारे १,७०० मीटर उंचीवरील हवेइतकी विरळ ठरते. साधे इंजिन अशा हवेत आपल्या शक्तीचा सहावा हिस्सा गमावते. १०० अश्वशक्तीचे इंजिन ८३-८४ चे होते. पंखांनाही तीच विरळ हवा उचलावी लागते. म्हणून पुस्तकात दिलेली धावपट्टी आपल्याकडे पुरणार नाही.

यावरून दोन गोष्टी निघतात. सर्वांत लहान इंजिन घेऊन पैसे वाचविणे ही आपल्याकडे बचत होत नाही. आणि शंभर-सव्वाशे किलो वजनाच्या दोन माणसांसह उडायचे असेल, तर आकडे मे महिन्याचे काढावेत, डिसेंबरचे नव्हेत.

कायदा व काळ

मोटारसायकल आधी घेऊन नंतर पासिंग करता येते. विमानाचे तसे नाही. नोंदणी व उड्डाणयोग्यतेचा कागद नसता विमान उडविणे हा आपल्या देशात गुन्हा आहे. १९३४ च्या जुन्या कायद्याच्या जागी आता भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ आला आहे, आणि तांत्रिक बाबी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे आहेत. वायुदलाच्या केंद्राजवळील आकाशात तर आपल्या मनाप्रमाणे हिंडता येणे शक्यच नाही.

या ठिकाणी पुन्हा कॅप्टन यादव यांच्याकडे वळू. २००९ च्या सुमारास त्यांनी गच्चीवर काम आरंभिले. २०१६ साली क्रेन लावून विमान खाली उतरविले आणि मुंबईतील 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात ठेवले, तेव्हा देशाला ते दिसले. नोंदणी झाली २०१७ मध्ये. उड्डाणाची परवानगी मिळाली २०१९ मध्ये. आणि त्यानंतर धुळ्याच्या धावपट्टीवर २०२० साली ते हवेत गेले. माणूस स्वतः वैमानिक, जिद्दीचा, आणि अखेरीस राज्यशासनही पाठीशी. तरी एवढा काळ गेला.

काळ म्हणजे व्याज. १ लाख रुपये ७ टक्के चक्रवाढ व्याजाने १० वर्षे ठेवले, तर त्यांचे सुमारे १ लाख ९६ हजार होतात. म्हणजे ज्या विमानात १० वर्षे पैसा अडकला, त्याचा खरा परिव्यय वहीतल्यापेक्षा दुपटीला जाऊन भिडतो. हा आकडा कोणत्याही किटच्या जाहिरातीत नसतो. यास्तव निवडलेल्या नमुन्याला आपल्या देशात परवानगी कोणत्या वर्गात व कोणत्या कागदांवर मिळेल, हे आगाऊ रक्कम भरण्यापूर्वी लेखी विचारून घ्यावे. पावतीच्या आधी हे उत्तर हाती असावे.

एकट्याचे की चौघांचे?

विमान उडो वा न उडो, शेडचे भाडे, विमा, वार्षिक तपासणी हे खर्च होतच राहतात. हे स्थिर खर्च. पेट्रोल हा चल खर्च. १०० अश्वशक्तीचे रोटॅक्स तासाला साधारण १६ लिटर जाळते. लिटरला १०० रुपये धरले तर तासाला १,६०० रुपये. समजा, वर्षाचा स्थिर खर्च २ लाख आहे. एकट्याने वर्षात ५० तास उडविले, तर ताशी स्थिर खर्च ४,००० रुपये व पेट्रोल धरून ५,६००. चौघांनी मिळून २०० तास उडविले, तर स्थिर खर्च ताशी १,००० व एकूण २,६००. विमान तेच, पेट्रोल तेच. ताशी खर्च निम्म्याहून कमी.

आमच्या गावाला हे गणित परके नाही. बिदर सहकारी साखर कारखाना हळ्ळीखेडच्याच नावाने ओळखला जातो. एकट्या शेतकऱ्याला चरक परवडतो, कारखाना परवडत नाही. म्हणून भागभांडवल जमविले जाते. परदेशांत चौघे-सहा जण मिळून एक विमान बाळगतात. मात्र भागीदारीचा करार आधी लिहावा : कोणी किती तास बांधकाम करायचे, अपघात झाल्यास कोणी काय सोसायचे, एकाला बाहेर पडायचे असल्यास त्याचा हिस्सा कोणत्या भावाने घ्यायचा.

निष्कर्ष

वरील सर्व पाहता निवडीचा क्रम असा ठरतो. आधी परवानगी, मग आपल्या हाताला जमेल असे साहित्य, मग आपल्या हवेला पुरेल असे इंजिन, मग कंपनीची स्थिती, मग तास, आणि सर्वांत शेवटी किटची किंमत. लोक हा क्रम उलटा करतात.

अण्णांना मी विमान बांधू नका असे सांगितले नाही. तसे सांगण्याचा मला अधिकार नाही, आणि पत्रकातून तसे निघतही नाही. पत्रकातून निघते ते इतकेच, की भरपाईची ठेव मोडून एकरकमी आगाऊ रक्कम भरू नये. झेनिथसारख्या कंपन्या केवळ रडरचे, म्हणजे शेपटीवरील सुकाणूचे, छोटे किट विकतात. नवख्याने तेवढे आधी बांधावे व आपला हात, आपली शेड, आपली चिकाटी पारखावी, हाच त्यामागील हेतू. ते जमले नाही तर नुकसान एका रडरचे. जमले तर पुढचा टप्पा. त्या अवधीत परवानगीची विचारणा व भागीदारांचा शोध चालू ठेवता येतो. अण्णा म्हणाले, "सुकाणूच आधी, असं होय?" मी हो म्हटले. ठेव सध्या बँकेत आहे आणि अण्णा नकाशे वाचायला शिकत आहेत.

बुडीत खर्चाचा नियम आपण परीक्षेपुरता पाठ करतो : जो खर्च होऊन गेला, तो पुढचा निर्णय घेताना मोजू नये. पण अर्धे बांधलेले विमान शेडमध्ये उभे असताना हा नियम पाळणे माणसाला फार कठीण जाते. "एवढे घातलेच आहेत, आणखी थोडे घालू," असे म्हणत तो घालीत राहतो. विमानाप्रमाणेच बोअरवेलचे, घराच्या वरच्या मजल्याचे आणि लग्नाच्या खर्चाचेही असेच होते. म्हणून बुडीत खर्च लहान ठेवण्याची वेळ सुरुवातीलाच असते.

'अंथरूण पाहून पाय पसरावेत' ही म्हण मराठीत आहे. कन्नडमध्ये 'हासिगे इद्दष्टु कालु चाचु' अशी तीच म्हण आहे. दोन्ही भाषांत ती गरिबाला गप्प बसविण्यासाठी वापरली जाते. मला तिचा अर्थ थोडा निराळा वाटतो. तिच्यात पाय पसरू नका असे म्हटलेले नाही. आधी अंथरूण मोजा, एवढेच म्हटले आहे. मोजमाप नीट झाले तर ठिगळ कोठे लावायचे, तेही कळते. जे विमान पूर्ण होते, तेच स्वस्त. अर्धवट राहिलेले सर्वांत महाग, मग त्याचे किट कितीही कमी किमतीला मिळालेले असो.